‘फाटके कपडे, नव्याचा भाव’ : एक स्टारच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार काकाजी,

तुम्ही आमच्या वडशाच्या (जि. गडचिरोली) दुकानाला एक स्टार देऊन लिहिलंय, की फाटकी पॅन्ट साडेतेराशेला विकता, काळा टीशर्ट दोन धुण्यांत भुरा पडला, तो परत घेतला नाही, कवट्या अन् साखळ्या दाखवून पोट्टे बिघडवता, आणि ज्या बेलबॉटमचे आम्ही पोछे केले तीच आता ‘रेट्रो’ म्हणून आमच्याच पोरांच्या गळ्यात मारता. इथेच उत्तर देते, कारण आरमोरी, कुरखेडा, लाखांदूरहून पोरांना घेऊन येणारे बरेच बाबा हेच मनात धरून बाहेर गाडीवर बसून राहतात. तुम्ही निदान लिहिलं तरी.

आधी टीशर्ट. मुलाने तो दाखवायला आणला होता. रंग सगळीकडे सारखा उतरला असता तर मी मुकाट्याने बदलून दिला असता. पण पोटावर आणि डाव्या बाहीवर तांबूस-भुरे ठिपके होते, बाकी कापड होतं तसंच काळं. हे ब्लीचिंगचं काम आहे. काळ्या सुती कापडाला क्लोरीन लागलं, की रंग आधी असाच तांबूस होतो आणि तो परत येत नाही. पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत गेला असेल, किंवा मोरी धुताना शिंतोडे उडाले असतील. काळं कापड तसंही धुण्यागणिक थोडं फिकं होतंच, आणि आपल्याकडच्या उन्हात तर विचारू नका. शेजारच्या ब्रह्मपुरीत पारा ४६ च्या वर जातो, तिथे दोरीवरचा काळा टीशर्ट काय टिकणार! म्हणून उलटा करून, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा असं लेबलवर लिहिलेलं आहे, आणि धुतलेला माल परत घेत नाही असं बिलावर. तो नियम मी मोडणार नाही.

बाजारात असाच टीशर्ट दोनशेला मिळतो, हेही खरं. त्यावरचं बँडचं चित्र चोरीचं असतं. आमच्याकडचे बँडचे टीशर्ट परवान्याचे आहेत, म्हणून महाग आहेत आणि म्हणूनच मोजके आहेत. बूट मात्र विलायती नाहीत. ते आग्र्याचे आहेत, त्यावर कोणाचं नाव छापलेलं नाही, आणि हे मी विचारायच्या आधीच सांगते.

आता पॅन्ट. तीच जीन्स न फाडलेली अकराशेला आहे, त्याच रॅकवर, खालच्या कप्प्यात. वरचे अडीचशे कशाचे, ते सांगते. जीन्सच्या कापडात उभा धागा निळा असतो आणि आडवा पांढरा. गुडघ्यावर निळे धागे तेवढे कापून काढायचे आणि पांढरे शाबूत ठेवायचे, तेव्हा ती पांढरी जाळी दिसते. नुसती कात्री चालवली तर आठ दिवसांत भोक मांडीपर्यंत जातं. हे काम आमचा टेलर दुकानाच्या मागच्या खोलीत बसून करतो, कडेला शिलाई मारतो आणि कोणी सांगितलं तर आतून अस्तर लावतो. एका पायाला सहज तासभर जातो. कारखान्यात जीन्सला असंच जुनाट, विटकं रूप स्वस्तात यावं म्हणून कापडावर रेतीचा मारा करत. ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन तुर्कस्तानातल्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग झाला, आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. आरमोरीच्या कोसा रेशमाच्या साडीत धाग्याच्या गाठी दिसल्या की आपण तिला खोटी म्हणत नाही, हाताचं काम म्हणतो. या पॅन्टकडेही तसंच बघा, एवढंच माझं मागणं.

बेलबॉटमबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचून मी हसले, कारण ते खरंच आहे. पण ती तुमच्या पिढीचीही नव्हती हो. मुळात तो बोटीवरच्या खलाशांचा पोशाख. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी सैन्याचा जुना माल विकणाऱ्या दुकानांतून तो स्वस्तात उचलला, आणि मग सिनेमातून आपल्या टेलरांपर्यंत आला. माझ्या दुकानातलं जवळजवळ सगळं असंच कष्टकऱ्यांच्या अंगावरून आलंय. जीन्सचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे खिशांवरच्या छोट्या टिकल्या, घ्या. अमेरिकेतल्या नेवाडातल्या जेकब डेव्हिस या शिंप्याकडे एका मजुराच्या बायकोने नवऱ्यासाठी न उसवणारी पॅन्ट मागितली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना रिव्हेट ठोकले आणि १८७३ मध्ये लेव्ही स्ट्रॉस या कापड-व्यापाऱ्यासोबत त्याचं पेटंट घेतलं. ज्या ‘डॉक्टर मार्टेन्स’ बुटांच्या धर्तीवर आमचे आग्र्याचे बूट आहेत, त्याचा पहिला जोड इंग्लंडच्या वोलास्टन गावात १ एप्रिल १९६० ला तयार झाला, म्हणून त्याचा नंबर १४६०. सुरुवातीचे गिऱ्हाईक कोण, तर पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार. आमच्याकडे तो सगळ्यात जास्त नर्सिंगच्या मुली नेतात. पावसाळ्यात चिखलातून बसस्टँड गाठायचं असतं, त्यांना चप्पल पुरत नाही.

चेक्सचा जाड शर्ट अमेरिकेतल्या सिएटलकडच्या थंडी-पावसात झाडं तोडणाऱ्यांचा. तिथल्या गाणाऱ्या पोरांनी तो जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला, कारण खिशात पैसे नव्हते. १९९२ मध्ये मार्क जेकब्स या फॅशन डिझायनरने पेरी एलिस या कंपनीसाठी तेच चेक्स रेशमावर छापून रॅम्पवर आणले आणि त्याची नोकरी गेली. गरिबाचा शर्ट श्रीमंताच्या भावात, हा तुमचा राग तिथे शोभला असता. मी तो शर्ट सहाशेला विकते.

राहिल्या कवट्या, साखळ्या आणि सेफ्टी पिना. लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरच्या दुकानात व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लारेन हे असले ‘पंक’ कपडे विकू लागले ते १९७० च्या दशकात. १९७६ ला ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त लोक बेरोजगार होते. शाळा सोडलेल्या पोरांना काम नव्हतं, आणि फाटकं ते पिनेने जोडून घालायला कोणाची परवानगी लागत नव्हती. त्या पंक पोरांची शिवीगाळ आणि थुंकाथुंकी मलाही आवडत नाही, म्हणून शिव्या छापलेला टीशर्ट माझ्या दुकानात मिळणार नाही. पण आपल्याही पोट्ट्यांनी आयटीआय केलंय, भरतीसाठी पहाटे धावतात, दोन-दोन वर्षं निकालाची वाट पाहतात. त्यांनी जॅकेटवर चार पिना लावल्या तर ते बिघडले असं मला वाटत नाही.

आणि काकाजी, वडशात काळ्या जॅकेटला नावं ठेवायची म्हणजे कमालच झाली! दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली, की झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांतल्या खलनायकांसाठी माझ्याकडून साखळ्या आणि जॅकेटं जातात. रात्रभर थंडीत बसून त्याच खलनायकाला शिट्ट्या मारणारे कोण असतात, ते आपण दोघंही जाणतो.

तुमचा एक स्टार राहू द्या, काढा असं मी म्हणत नाही. पॅन्टीचं भोक वाढत असेल तर घेऊन या, आतून अस्तर लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत. टीशर्टचे पैसे परत मिळणार नाहीत, पण मुलाला हवं असेल तर त्या ठिपक्यांभोवती आणखी ब्लीच शिंपडून नक्षी करून देईन. असे टीशर्ट लोक मुद्दाम बनवून घेतात, त्याचंही काही घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं. पॅन्ट मात्र धुऊन आणा, नाहीतर टेलर हात लावत नाही.