टर्कीचा खिमा, तर्री आणि रात्रीचे जेवण : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रात्रीच्या हलक्या जेवणासाठी टर्की या पक्ष्याचा खिमा कसा वापरावा, या माझ्या लेखावर आपण ‘महालातील एक जुना वाचक’ अशी सही करून सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. तिच्यातील आक्षेप इतरांच्याही मनात असणार, म्हणून उत्तर लांबले तरी ते इथेच देते. आपले म्हणणे थोडक्यात असे: नागपुरात टर्की मिळत नाही, तेव्हा हे लेखन नेमके कोणासाठी, कोंबडीच्या खिम्यानेही भागते असे मीच लिहिले आहे, मग टर्कीचे एवढे कौतुक कशाला, तर्री नसलेला खिमा म्हणजे आजाऱ्याचे पथ्य, आणि रात्री मांसाहार मुळातच जड, त्यापेक्षा आपला वरण-भात बरा, त्यातूनही भरपूर प्रथिने मिळतात. एवढे सुनावून झाल्यावर न्यू जर्सीतील मुलाला दुकानातून कोणता खिमा घ्यायला सांगावा, हेही आपण विचारले आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आपल्या या शेवटच्या प्रश्नातच आहे. नागपुरातील कितीतरी घरांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत, त्यांच्या जवळच्या दुकानात टर्कीचा खिमा सहज मिळतो, आणि त्याचे काय करायचे हे ती इथे आईला किंवा सासूला फोन करून विचारतात. लेख त्या दोन्ही स्वयंपाकघरांसाठी होता. इथल्या रोजच्या कोंबडीच्या दुकानात टर्की मिळत नाही हे खरेच आहे, आणि ती मुद्दाम शोधत फिरावे असे मी कुठेही सुचवलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. टर्कीचा खिमा अमेरिकेत आरोग्यदायी म्हणून नावाजला गेला, तो तेथील गोमांसाच्या खिम्याच्या तुलनेत. तिकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या गोमांसाच्या खिम्यात वजनाच्या 20 टक्के चरबी असू शकते. त्याऐवजी 7 टक्के चरबीचा टर्कीचा खिमा वापरला, तर फरक मोठा पडतो. आपल्याकडे तुलना करायची तर ती मटणाच्या खिम्याशी करावी लागते, आणि त्या जागी कोंबडीचा खिमा आपल्या हाताशी आहेच. म्हणजे टर्कीत कोंबडीपेक्षा वेगळा असा काही चमत्कार नाही. तिकडे जी जागा टर्कीची, ती इकडे कोंबडीची, एवढाच माझ्या लेखाचा आधार होता.

मात्र ‘टर्की’ असे लिहिलेले दिसले की काम झाले, असेही नाही. पाकिटावर ‘93 टक्के लीन’ (म्हणजे बाकीची 7 टक्के चरबी) असे छापलेले असते, ते वजनाच्या हिशेबाने. अशा सव्वाशे ग्रॅम कच्च्या खिम्यात जवळपास पावणेनऊ ग्रॅम चरबी असते, आणि चरबीच्या दर ग्रॅममागे 9 कॅलरी धरल्या, तर त्या खिम्याच्या एकूण कॅलरींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक कॅलरी चरबीतूनच येतात. नुसत्या छातीच्या मांसाचा, 99 टक्के लीन खिमाही मिळतो आणि त्यात चरबी नावालाच असते. याच्या उलट, टक्केवारी न छापलेल्या साध्या खिम्यात मांड्यांचे मांस आणि कातडीही दळलेली असू शकते. आपल्या दुकानातील कोंबडीचेही तसेच आहे. कातडी काढलेल्या छातीच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 22 ग्रॅम प्रथिने आणि अडीच-तीन ग्रॅम चरबी असते. तंगडीच्या मांसात प्रथिने थोडी कमी आणि चरबी थोडी जास्त. कातडी आली की हिशेब पार बदलतो.

आता या आकड्यांशेजारी तेलाची वाटी ठेवून पाहा. चार माणसांसाठी अर्धा किलो खिमा घेतला, तर माणशी सव्वाशे ग्रॅम होतो. 93 टक्के लीन टर्की घेतली काय किंवा कोंबडीची छाती घेतली काय, माणशी फरक पाच-सहा ग्रॅम चरबीचा, म्हणजे पन्नासेक कॅलरींचा. त्याच कढईत अर्धी वाटी तेल ओतले, तर माणशी सोळा-सतरा ग्रॅम तेल पोटात जाते आणि दीडशे कॅलरी वाढतात. पक्षी कोणता यावर एवढी चर्चा करायची आणि तेल मात्र अंदाजाने ओतायचे, ही आपल्याकडची खरी गंमत आहे. मी लेखात अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे तेल सांगितले होते ते याच कारणाने, आणि त्या आकड्यावर मी ठाम आहे.

खिमा घेताना दुकानात दोन गोष्टी पाहाव्यात. ‘कोंबडीचा खिमा द्या’ एवढेच म्हटले की समोर असेल ते यंत्रात जाते. त्याऐवजी छातीचे तुकडे आधी निवडून, कातडी काढून घ्यावी आणि मग खिमा करायला सांगावा. दुसरे म्हणजे, यंत्रातून आधी मटण निघाले असेल तर त्याची पांढरी चरबी जाळीला चिकटलेली डोळ्यांना दिसते; ती साफ करून घ्यावी, किंवा सरळ लाकडी ओंडक्यावर सत्तूरने हाताने खिमा करून मागावा. हाताने केलेला खिमा थोडा जाडसर राहतो आणि शिजल्यावर त्याचा भुगा होत नाही. घरी आणल्यावर तो चाळणीत घेऊन नळाखाली धुण्याची सवय मात्र सोडावी: त्याने जंतू जात नाहीत, उलट पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर पसरतात.

आता तर्रीकडे वळू, कारण आपला खरा राग तिथे आहे. नागपूरच्या माणसाने सावजीचे मोल कमी लेखावे, असे मला कधीच वाटणार नाही. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेले हे जेवण जवसाच्या तेलावर, भाजलेल्या खोबऱ्या-खसखशीवर आणि दगडफुलासह वाटलेल्या काळ्या मसाल्यावर उभे आहे. मिरचीचा लाल रंग, तिचा तिखटपणा आणि खड्या मसाल्यांचा बराचसा सुगंध तेलात उतरतो, पाण्यात नीट उतरत नाही. म्हणूनच ‘कमी तेलाचे सावजी’ या प्रकाराला माझा सक्त विरोध आहे: मसाला तेवढाच आणि तेल चमचाभर घातले, तर रस्सा कडवट आणि कच्चट लागतो, त्यात सावजीही राहत नाही आणि पथ्यही धड होत नाही. ज्या रविवारी सावजी खायचे त्या रविवारी ते तर्रीसकट खावे, तेही दुपारी. माझा लेख उरलेल्या दिवसांच्या रात्रींविषयी होता, आणि त्या जेवणाची घडणच वेगळी असायला हवी. सावजीतून तेल वजा करून ते तयार होत नाही.

ती घडण कशी, हे एका साध्या सुक्या खिम्यावरून सांगते. कढई रुंद आणि चांगली तापलेली असावी. दोन चमचे तेलात कांदा तांबूस करून आले-लसूण परतावे, मग खिमा घालून तो उलथन्याने पसरावा आणि थोडा वेळ त्याला हात लावू नये. आधी त्याला पाणी सुटते आणि बुडबुड आवाज येतो. ते पाणी आटले की आवाज चरचर असा होतो, आणि तेव्हाच खिम्याला रंग चढू लागतो. बहुतेकजण पाणी सुटल्याबरोबर मसाला आणि झाकण टाकतात, त्यामुळे खिमा भाजला न जाता नुसता उकडला जातो, आणि मग तो बेचव लागतो म्हणून कमी तेलाला दोष येतो. रंग आल्यावर हळद, धने-जिरे पूड, थोडे लाल तिखट, बारीक चिरलेला टोमॅटो आणि एक जुडी मेथी घालावी. हिवाळ्यात मेथीऐवजी दोन वाट्या सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, घातले, तर अर्धा किलो खिमा चार माणसांना पोटभर होतो. वर सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर), लिंबू, सोबत ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी आणि कच्चा कांदा. याला आजाऱ्याचे पथ्य म्हणणाऱ्याने एकदा ताजी चटणी करून पाहावी.

दुसरा पदार्थ अधिक आपल्या मातीतला आहे, आणि लेखात तो दोन ओळींत उरकला गेला होता, म्हणून इथे सविस्तर देते. आपला गोळाभात घ्या. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून जाडसर भरडावी. तीत तीनशे ग्रॅम खिमा, आले-लसूण, हिरवी मिरची, सांबार, हळद, चिमूटभर ओवा आणि मीठ घालून हलक्या हाताने कालवावे. फार मळले तर गोळे चिवट होतात. कमी चरबीचा खिमा शिजल्यावर कोरडा पडतो ही त्याची खरी अडचण, आणि भिजलेली डाळ नेमकी तीच दूर करते, कारण सुटलेला रस ती स्वतःत धरून ठेवते. तळहाताला पाणी लावून लिंबाएवढे गोळे करावेत आणि ते मोदकपात्रात वीस मिनिटे वाफवावेत. नेहमीच्या गोळाभाताप्रमाणे कच्चे गोळे शिजत्या भातावर सोडू नयेत. डाळीच्या गोळ्याला ते चालते, मांसाच्या गोळ्याच्या बाबतीत आतपर्यंत उष्णता पोहोचल्याची खात्री हवी. सर्वांत मोठा गोळा फोडून पाहावा. मग ते नुकत्याच शिजलेल्या भातात खोचून दोन मिनिटे झाकण ठेवावे. वर घालायची मोहरी, हिंग, लसूण आणि लाल मिरचीची फोडणी परंपरेने सढळ हाताने ओततात; ती चारही ताटांना मिळून दोन चमच्यांची करावी आणि ओलाव्यासाठी चिंचेचे सार वाढावे. साराचा आंबटपणा असला, तर तेलाची फारशी आठवण येत नाही.

रात्रीच्या मांसाहाराविषयी आपण लिहिले आहे ते अर्धे बरोबर आहे. चरबी जास्त असलेले जेवण पोटातून पुढे सरकायला अधिक वेळ घेते, आणि त्यानंतर लगेच आडवे झाले की अनेकांना छातीत जळजळते. पण हे तर्रीदार मटणाला लागू आहे तसेच रात्री दहाच्या साबुदाणा वड्यालाही लागू आहे. कमी चरबीचा खिमा आठ वाजता खाल्ला आणि झोपेपूर्वी दोन-तीन तास गेले, तर निरोगी माणसाला तो जड पडण्याचे कारण नाही. टर्की खाल्ली की झोप येते असा एक समज अमेरिकेत आहे; ज्या घटकावर त्याचे खापर फोडतात तो कोंबडीतही जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे तोही मुद्दा बाजूला ठेवू या.

वरण-भाताशी माझे वैर नाही. मात्र त्यातील प्रथिनांविषयी आपला अंदाज वाढीव आहे. तीस ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीतून, म्हणजे साधारण एका माणसाच्या वरणातून, साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला जवळपास पन्नास ग्रॅम. सव्वाशे ग्रॅम खिमा त्यातील निम्मा भार एकटा उचलतो. ज्यांना मांसाहार नको, त्यांनी याच दोन्ही कृती सोयाबीनच्या चुऱ्याच्या कराव्यात. कोरड्या चुऱ्यात वजनाच्या निम्मी प्रथिने असतात, आणि सोयाबीन तर आपल्या विदर्भाच्या शेतातलेच.

आता मुलाविषयी. सुक्या खिम्यासाठी त्याने 93 टक्के लीनचे पाकीट घ्यावे. 99 टक्क्यांचा खिमा नुसता परतला तर रबरासारखा होतो, तो डाळ घातलेल्या गोळ्यांसाठी ठेवावा. मांसात घालायचा तापमापक तिकडे स्वस्त मिळतो, तो आणावा, आणि खिम्याचा मधला भाग 74 अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे त्यांच्या मोजणीत 165 अंशांपर्यंत गेला की आच बंद करावी. नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण अख्ख्या तुकड्याच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळलेले असतात. कच्चा खिमा फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये, शिजवलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा मात्र ही मुदत एकाच तासाची धरावी, आणि खिमा आणायला बाजारात जाल तेव्हा बाकीची सगळी खरेदी आधी आटोपून तो सर्वांत शेवटी घ्यावा.