नोटीस नव्हे, जाहिरात!

परवा दुपारी ऑफिसात असताना आईचा फोन आला. आवाज कापत होता. "अरे, ह्यांच्या नावाने कसलीतरी नोटीस आलीये. लाल अक्षरांत लिहिलंय." बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी कुठे कर्ज काढून ठेवलं होतं का, कुणाला जामीन राहिले होते का, या काळजीने ती माउली जेवलीसुद्धा नव्हती. हाफ डे टाकून घरी धावलो.

पाकीट बघितलं आणि डोक्यात तिडीक गेली. खाकी कागद, वर ठळक लाल 'तातडीचे', खिडकीतून दिसणारं बाबांचं संपूर्ण नाव, खाली कसलासा संदर्भ क्रमांक. आत काय, तर पूर्वमंजूर कर्जाची जाहिरात! 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे.' अरे, कोणाची निवड? गेलेल्या माणसाची?

हे चुकून होत नाही. साधं रंगीत पत्रक असतं तर आईने न वाचता रद्दीत टाकलं असतं, हे यांना पक्कं ठाऊक आहे. तिच्या पिढीचं पेन्शनचं पत्र, विम्याचे कागद, कोर्टाचं समन्स, सगळं टपालानेच आलं. टपालाने आलेलं पाकीट ती आजही चष्मा लावून, बसून उघडते. तिच्या या विश्वासाचाच धंदा मांडलाय मेल्यांनी!

जिन्याखालची आमची पेटी तर क्लासेस, फ्लॅट आणि दातांच्या दवाखान्यांच्या कागदांनी कायम तुंबलेली. गेल्या महिन्यात लाइट बिल त्याच गठ्ठ्यात अडकलं, उशिरा सापडलं, भुर्दंड मी भरला. पोस्टमनला तरी काय बोलणार? नाव-पत्ता नसलेली पत्रकं घरोघर टाकायची 'डायरेक्ट पोस्ट' सेवा खुद्द टपाल खातंच देतं.

फोनवरचा त्रास थांबवायला १९०९ नंबर आहे. पेटीसाठी कुठला नंबर फिरवायचा? जर्मनीत पेटीवर 'जाहिराती नकोत' अशी चिठ्ठी लावली तर ती पाळावीच लागते; तिथल्या वरच्या कोर्टाने १९८८ मध्येच तसं ठरवून दिलंय. इथे चिठ्ठी लावली, तर तिच्यावरच पत्रक चिकटवून जातील.

त्या कंपनीला फोन केला. वीस मिनिटं थांबवून वर मलाच सांगतात, नाव काढायला मृत्यूचा दाखला पाठवा. बाबांचा दाखला आता यांच्या जाहिरातीसाठी पाठवायचा? नाही पाठवणार. पुढचं पाकीट आलं की न फोडता, 'मालक मयत, सबब परत' असं लिहून पोस्टमनच्या हातात देणार. दर वेळी.