कवटी दोघांनाही असते, मागचे पंख बघा

पाठीवर कवटीची खूण दिसली की डेथ्स हेड हॉक मॉथ या रात्री उडणाऱ्या पतंगाची जात पक्की, हे तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. आपल्याकडे स्टिक्स आणि लॅकेसिस अशा दोन जाती आहेत आणि कवटी दोघांच्याही पाठीवर असते! खरा फरक मागच्या पंखांत. स्टिक्सचे पिवळे, त्यावर दोन काळे पट्टे. लॅकेसिसचे मुळाशी चांगलेच काळे.

पण बसलेला पतंग नेमके हेच पंख झाकून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हरांड्यातल्या दिव्याखाली एक बसला होता. गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला, तसा चिर्र आवाज करत त्याने पंख उचलले. खाली पिवळाधमक रंग, दोन पट्टे. स्टिक्स! आधी वरून काढलेल्या फोटोंवरून हे कळलंच नसतं. लेखात मागच्या पंखांचा एक फोटो जरूर टाका.