बांबू फुलला आणि मिझोंचा विश्वास उडाला

मिझोरमचा विषय निघाला की "तिकडचे लोक आधी फुटीर होते" असं कुणीतरी सहज बोलून जातं. मला याचा मनापासून राग येतो. स्वातंत्र्याच्या वेळी तिथला सगळ्यात मोठा पक्ष, मिझो युनियन, भारतातच राहायचं म्हणत होता. १९५२ ची स्वायत्त जिल्हा परिषदेची निवडणूकही त्यानेच जिंकली. मग चौदा वर्षांत तिथली पोरं बंदुका घेऊन जंगलात का गेली?

तिथल्या डोंगरांवर माउताक जातीचा बांबू आहे. साधारण ४८ वर्षांनी तो सगळीकडे एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळं संपली की झुंडीने भाताच्या, मक्याच्या शेतांत उतरतात. संध्याकाळी डोलणारं पीक सकाळी जाग्यावर नसतं. याला म्हणतात माउताम. मिझो टेकड्या तेव्हा आसामचा एक जिल्हा होत्या. १९११ चा माउताम पाहिलेली म्हातारी माणसं हयात होती, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९५८ मध्ये जिल्हा परिषदेने ठराव करून आसाम सरकारकडे आधीच मदत मागितली. सरकारने ती नाकारली. बांबू फुलला म्हणून दुष्काळ पडतो, ही त्यांच्या लेखी अडाण्यांची समजूत!

१९५९ मध्ये दुष्काळ पडलाच. मदत आली ती उशिरा आणि तोकडी. धड रस्ते नसलेल्या गावांत माणसं रानातले कंद खणून जगली.

माझ्या मते सगळं इथेच बिघडलं. उंदीर सरकारने सोडले नाहीत, हे काय मिझोंना कळत नव्हतं? पण आपण हात जोडून सांगत होतो आणि आसामच्या राजधानीत बसलेल्यांनी आपल्याला वेड्यात काढलं, हे कुठलाही समाज विसरत नाही. त्यात १९६० मध्ये आसामी ही राज्याची राजभाषा झाली. ज्यांची शाळा आणि चर्च दोन्ही मिझो भाषेत, त्यांना हे कसं वाटलं असेल?

त्या काळात दूरदूरच्या गावांत तांदूळ पोचवायला धावले ते मिझो नॅशनल फॅमिन फ्रंटचे तरुण. १९६१ मध्ये या संघटनेने नावातला 'फॅमिन' (दुष्काळ) काढून टाकला आणि ती मिझो नॅशनल फ्रंट नावाचा राजकीय पक्ष झाली. नेते लालडेंगा. १ मार्च १९६६ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, ठाण्यांवर हल्ले केले, खजिना लुटला. त्यांच्या बंदुकांनी मिझो माणसंही मारली, तेही विसरू नये.

पण ५ मार्चला जिल्ह्याचं मुख्य शहर ऐझॉल, त्यावर आपल्याच हवाई दलाची विमानं आली. गोळ्या झाडल्या, बॉम्ब टाकले. सरकार मात्र सांगत राहिलं की विमानं माणसं आणि रसद उतरवायला गेली होती. ज्यांची घरं डोळ्यांदेखत जळली त्यांना हे ऐकावं लागलं.

१९६७ पासून गावंच्या गावं उठवून लष्करी पहाऱ्यातल्या वस्त्यांत, मुख्यतः रस्त्याच्या कडेला आणून बसवली. जिल्ह्यातली बहुतेक ग्रामीण जनता अशी हलवली गेली. मागे राहिलेली घरं आणि भाताच्या कणग्या बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून जाळून टाकल्या. दारझो गावची हकिगत एका लष्करी अधिकाऱ्यानेच सांगितलेली आहे. गावकऱ्यांना आपापली घरं स्वतः पेटवा म्हणून सांगितलं, पण कुणाचा हात धजेना. शेवटी जवानांनी ती पेटवली. आम्ही राजीखुशीने गाव सोडतोय आणि घरं आमची आम्हीच जाळली, अशा कागदावर गावच्या प्रमुखांच्या सह्या घेतल्या गेल्या, त्याही बंदुकीच्या धाकाने. नव्या वस्तीत कुंपण, ओळखपत्र, संचारबंदी. डोंगरातली झूम शेती, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती, घरापासून लांब असते. अंधाराच्या आत परतायचं तर तिथं जाऊन काम करणार कधी? कालपर्यंत स्वतःचं पिकवून खाणारी माणसं सरकारी शिध्यासाठी रांगेत उभी राहिली. ज्यांनी कधी बंडखोरांना दारात उभं केलं नव्हतं, तीही यात होती. मला बॉम्बपेक्षाही हे जास्त भयंकर वाटतं.

३० जून १९८६ ला केंद्र सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट यांच्यात शांतता करार झाला, फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोरम राज्य झालं आणि लालडेंगा मुख्यमंत्री. २००६-०७ मध्ये बांबू पुन्हा फुलला तेव्हा सत्तेत तोच मिझो नॅशनल फ्रंट होता. या वेळी तयारी आधीपासून होती, मारलेल्या उंदराच्या शेपटीमागे पैसे दिले जात होते. तरी मदतीच्या वाटपावरून ओरड झालीच. २००८ च्या निवडणुकीत लोकांनी त्या पक्षाला ४० पैकी ३ जागा दिल्या.