‘संवेदनशील’ हे विशेषण कोण लावते?

‘वस्तीची बदनामी गुन्ह्यांमुळे होते, बातमीदार फक्त घडलेले लिहितो’ हे वस्त्यांच्या बदनामीविषयीच्या लेखातील लेखकाचे विधान मला मुळीच पटले नाही. मी बेळगावच्या शहापूर भागात मागांच्या खडखडाटात वाढलो. गणेशविसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातील मराठी भाषकांचा काळा दिन) जवळ आला की येथील मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वृत्तपत्रांत आमच्या गल्लीला ‘संवेदनशील’ हे विशेषण चिकटते आणि सोबत पोलीस व्हॅनचे तेच जुने छायाचित्र येते. त्यातला कोपऱ्यावरचा कडुनिंब तोडून कितीतरी वर्षे झाली, तरी छायाचित्रात तो अजून उभा आहे.

मागे मुख्य रस्त्यावर हाणामारी झाली, तिच्यात आमच्या गल्लीतील एकही जण नव्हता, तरी मथळ्यात नाव आमचेच आले. त्याच आठवड्यात पुतणीला पाहायला येणाऱ्या खानापूरकडच्या मंडळींनी पत्ता ऐकताच ‘बैठक देवळात ठेवूया’ असा निरोप धाडला, आणि वहिनीने बशांत काढलेला कुंदा मुकाट्याने परत डब्यात भरला. निदान घटनेचे नेमके ठिकाण आणि छायाचित्राची तारीख तरी छापावी, एवढी मागणी लेखकाने करायला हवी होती.