फक्त सहा इंच

पिकाच्या दोन ओळींत ३० इंच अंतर असेल, तर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांत ६० इंच अंतर हवं. मग दोन ओळी पोटाखाली घेऊन चाकं बरोबर सरीतून जातात. आमचं फर्ग्युसन टीई-२० मात्र ४८ इंचांवर ठाण मांडून बसलेलं. टायर दहा इंच रुंद, म्हणजे आतल्या रोपापासून जेमतेम चार इंच लांब; चालवताना शिंक आली की निम्मी ओळ आडवी. तेव्हा प्रत्येक चाक सहा इंच बाहेर घ्यायचं. फक्त.

१९४६ ते १९५६ या काळात निघालेल्या या ट्रॅक्टरची मागची चाकं ४८ ते ७६ इंचांपर्यंत, चार-चार इंचांनी, आठ जागी बसतात. जादा भाग एकही लागत नाही. चाकाची मधली खोलगट डिस्क उलटी करा, टायर बसतो ती रिम तिच्या आत लावा नाहीतर बाहेर, नाहीतर रिमच फिरवा. डोकं लावणाऱ्याला खरंच सलाम! पुस्तिकेत आठही चित्रं आहेत. कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी मला ती एकच दिसतात.

आणि चित्रात गंज नसतो.

नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करायचे, एवढी अक्कल सगळ्यांना असते. नटाला ती नसते. आदल्या रात्री तेल पाजलं, सकाळी पान्याला लांब पाइप लावला, वर उभा राहिलो, हळूच उडीही मारून पाहिली. नटावर सत्तर वर्षांची पापुद्रे सुटलेली तांबूस साय. ती तेवढी खाली पडली. मग अचानक ‘कट्’! या आवाजानंतरचा क्षण फार वाईट. नट सुटला की बोल्ट तुटला, हे पाना फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि पाना फिरवायला हात धजत नाही.

एव्हाना बघे जमतात. ट्रॅक्टर उघडला की माणसं कुठून उगवतात देव जाणे. ‘दादा, उलटं फिरवताय,’ असं एकजण तरी म्हणतोच. जॅक लावताना पुढच्या चाकांना मागे-पुढे दगड लावा, अ‍ॅक्सलखाली भक्कम ठोकळे ठेवा, हे कामाचं बोलणं मात्र कोणी बोलत नाही.

वजनासाठी टायरमध्ये पाणी भरून ठेवलेलं असतं, तेही चाक उतरवतानाच आठवतं. तिरकं झालेलं चाक आतलं पाणी डुचमळवत आपल्यालाच ढकलू लागतं. शिवाय चाक आतलं बाहेर केलं, तर डावं उजवीकडे न्यावं लागतं. टायरच्या नक्षीचं टोक मागून पाहताना वर हवं; नाहीतर पकड जाते आणि चिखल टायरमध्येच मुक्काम ठोकतो.

अ‍ॅलिस-चाल्मर्सच्या डब्ल्यूडी ट्रॅक्टरला १९४८ मध्येच इंजिनच्या जोरावर आपसांतलं अंतर बदलणारी मागची चाकं आली होती. क्लॅम्प ढिले करा, गिअर टाका. रिम तिरक्या पट्ट्यांवरून आपोआप सरकते. असली माहिती एका हाताने जॅक दाबत, दुसऱ्याने भोकात बोल्ट शोधत असताना आठवू नये.

अखेर दोन्ही चाकं बसली. टेप लावला, बरोबर ६० इंच. जरा काम झाल्यावर नट पुन्हा आवळायचे, हे स्वतःला बजावत हात पुसत होतो, तेवढ्यात मघाचा तोच गृहस्थ वाकून म्हणाला, ‘दादा, पुढची चाकं अजून ४८ वरच आहेत की!’