सट्ट्यावर कर आहे, परवाना नाही

आयपीएल जवळ आली की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड परत डोकं वर काढतो. थोडक्यात असा: सरकार ऑनलाइन सट्ट्यावर जीएसटी घेतं, म्हणजे तो कायदेशीर, क्रिकेट कौशल्याचा खेळ असल्याचं कोर्टानंच सांगितलंय, अ‍ॅपचं लायसन परदेशातलं, त्याला इथला कायदा लागत नाही, जिंकलेल्या पैशावर ३० टक्के कर भरला की पैसा पांढरा, आणि महाराष्ट्रानं सट्ट्यावर स्वतःचा कर बसवला तर कर्जमाफीचा खर्च सहज निघेल. खाली आयडी, म्हणजे सट्ट्याच्या अ‍ॅपवर खातं उघडून देणाऱ्याचा नंबर असतो, त्यामुळे शेतकऱ्यांचा हा कळवळा कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

कराचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे त्याच्याच जिवावर उभे आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, खेळणाऱ्यानं भरलेल्या पूर्ण रकमेवर, २८ टक्के जीएसटी लागला, हे खरं. पण तो आणणाऱ्या दुरुस्ती कायद्यातच लिहून ठेवलंय की जुगार-सट्ट्यावर बंदी किंवा निर्बंध घालणाऱ्या इतर कायद्यांना यामुळे बाध येणार नाही. फॉरवर्डवाल्यानं नेमकी तीच ओळ गाळली. पुढचा घटनाक्रम तर आणखी बोलका. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैसे फिरवणं हे सगळे गुन्हे ठरवले. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. आणि बरोबर महिन्यानं, २२ सप्टेंबरला, याच खेळांवरचा जीएसटी २८ चा ४० टक्के झाला. कर म्हणजेच परवाना असता, तर बंदीपाठोपाठ दरवाढ कशाला केली असती?

आणि मुळात हा कर भरतंय कोण? हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची रिटर्न भरणाऱ्या आमच्यासारख्यांची नजर कुठल्याही पावतीवर आधी जीएसटी नंबर शोधते. आयडी घेतलेल्या एका पोराच्या मोबाइलवर पाहिलं. पाचशे रुपये यूपीआयनं गेलेले, कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यावर. त्याआधीचे भलत्याच राज्यातल्या एका मोबाइल दुकानाच्या नावावर. कंपनीचं नाव नाही, बिल नाही, नंबर नाही. ज्या कराच्या आधारावर धंदा रीतसर म्हणायचा, त्याचा तिथं मागमूस नव्हता.

कौशल्याचं थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये खऱ्या खेळाडूंमधून काल्पनिक (फँटसी) संघ निवडण्याच्या खेळाला कौशल्याचा खेळ मानलं होतं. पुढच्या चेंडूवर चौकार बसेल का, यावर पैसे लावायला त्या निकालानं मोकळीक दिलेली नाही. शिवाय २०२५ च्या कायद्यानं तो वादच निकालात काढला: पैसे भरून पैसे मिळवण्याच्या आशेनं खेळलेला ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंदीतच येतो.

परदेशी लायसनचा युक्तिवाद तर माझ्या आजोबांच्या काळातला आहे. बेंगळुरूहून निघणारं एक साप्ताहिक शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा चालवायचं. मुंबई राज्यानं १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून बाहेरून चालणाऱ्या अशा स्पर्धांवरही कर आणि नियंत्रण बसवलं. चालक मुंबई उच्च न्यायालयात जिंकले, पण राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये चालक हरले: भाग घेणारे या राज्यातले, पैसे इथं गोळा होतात, मग राज्याला अधिकार आहे, आणि जुगार हा काही राज्यघटनेचं संरक्षण मागावं असा व्यापार नव्हे. तेव्हा सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं आणि तो मुंबई राज्यातच होता. आताच्या परदेशी अ‍ॅपवाल्यांनाही २०२३ पासून भारतात जीएसटी नोंदणी सक्तीची आहे. नाही केली तर साइट ब्लॉक करता येते.

पांढऱ्या पैशाचं म्हणाल, तर जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के आयकर आहेच. पण उत्पन्नावर कर भरला म्हणून ते कमावण्याची रीत कायदेशीर ठरत नाही. उलट, ज्या खात्यातून तुमचे जिंकलेले पैसे आले त्याविरुद्ध कुणी दुसऱ्या राज्यात सायबर तक्रार केली, तर गोठतं ते तुमचं सांगलीतलं खातं. आणि अ‍ॅपनं पैसे दिलेच नाहीत तर? पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार रद्दबातल, त्यावर दावाच चालत नाही. आपल्याकडं तर १८६५ च्या मुंबईच्या कायद्यामुळं सट्ट्यासाठी म्हणून उसने दिलेले पैसेही कोर्टातून वसूल होत नाहीत. मित्राला ‘मॅचपुरते’ पैसे देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

शेवटच्या, म्हणजे सट्ट्यातून महसूल काढण्याच्या मुद्द्यात मात्र थोडा दम आहे. ब्रिटनमध्ये बेटिंग कंपनीच्या हातात बक्षिसं वाटून उरलेल्या रकमेवर कर लागतो. आपल्यासारखा भरलेल्या पूर्ण रकमेवर लावला तर गिऱ्हाईक कर न भरणाऱ्या बुकीकडंच जाणार, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. पण ‘महाराष्ट्रानं स्वतःचा कर बसवावा’ हे होणार कसं? सट्टा-जुगाराचं नियमन राज्य सूचीत, म्हणजे घटनेतल्या राज्यांच्या अधिकारांच्या यादीत, आजही आहे. त्यावरचा कर मात्र २०१६ च्या घटनादुरुस्तीनं त्या सूचीतून निघून जीएसटीत गेला. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा महाराष्ट्रानं १९७६ मध्ये केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. आता कर्जमाफीसाठी सट्ट्याचा दर ठरवायचा तर मुंबईत बसून चालणार नाही, जीएसटी परिषदेत मांडावा लागेल, आणि तिथं केंद्र आणि बाकीची राज्यंही बसलेली असतात.